पीस

थर्सोला, मॅग्नस बजच्या दगडी शेडमध्ये
ऑर्डरची वही माझ्याकडे असते.
छिन्नी त्याची, स्पेलिंग माझं.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
कागदावर चुकलं तर खोडता येतं, बाई,
फरशीवर चुकलं की फरशीच जाते,
आणि फरशीचे पैसे तुझ्या पगारातून.

भिंतीवर खडूची यादी आहे, त्याच्या बापाच्या हातची,
पुसट झाली की मॅग्नस तीच अक्षरं पुन्हा गिरवतो.
हरवण्याच्या लूजमध्ये ओ एकच, दुसरा हरवला.
सैल लूजमध्ये दोन्ही ओ जागेवर, पण खुळखुळतात.
जेवणानंतरच्या डिझर्टला एस दोन,
कारण गोडाचं एका वाढपात भागत नाही.
वाळवंटाला एकच, तोही तहानलेला.
आणि स्टेशनरी:
ई असेल तर कागद, पाकिटं, टाचण्या,
ए असेल तर जागचं न हलणारं.
ए म्हणजे अचल, ही भर माझी.
मॅग्नसला ती कळत नाही,
पण त्याने खोडलेली नाही.

माझी अडचण वेगळी होती.
मी ज्या लिपीत शिकले ती कानाचं ऐकते.
तिथे शांततेचा पीस आणि तुकड्याचा पीस
एकाच वेलांटीखाली उभे राहतात,
शेजारी तिसरं, पक्ष्याचं,
कुंपणाच्या तारेत अडकून फडफडणारं.
तिघांचं कधी भांडण झाल्याचं ऐकलं नाही.

इंग्रजीत मात्र तुकड्याच्या पोटात पाय असतो.
आपला चालायचा नव्हे,
त्यांचा, भट्टीत भाजून खायचा.
हे मॅग्नसने शिकवलं मटणाचा पाय खाता खाता,
वहीवर रश्श्याचा डाग पडला,
तेव्हापासून विसरले नाही.

फेब्रुवारीत इझोबेल स्वॉन्सन आली.
नवरा स्क्रॅबस्टरच्या धक्क्यावर मासळीसाठी बर्फ फोडायचा.
चाळीस वर्षं.
तिने पिशवीतून पावाच्या वेष्टनाचा कागद काढला.
दगडावर काय हवं ते त्यानेच लिहून ठेवलं होतं:
नाव, जन्माचं साल, एक रेघ, पुढे मोकळी जागा,
आणि खाली, रेस्ट इन पीस.
पाय असलेला.

मी हळूच बोट ठेवलं.
म्हटलं, इथे आय नको, ए हवा. त्याने शांतता होते.

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली.
पीस म्हणजे आमच्याकडे डब्यातला पाव, ती म्हणाली.
दोन काप, मधे जॅम.
पहाटे चारला उठून मीच बांधून द्यायची.
आता स्पेलिंग तर त्याचं शाळेपासूनच वाईट.
पण थट्टा करायचा तेव्हाही तोंड असंच सरळ ठेवायचा.
यातलं काय आहे, मला कसं कळणार?

मॅग्नस म्हणाला, लोक हसतील.
हसू देत, ती म्हणाली. माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.
मग जाताना दारातून, नाही, सांगितलंत तरी चालेल.

तिची पावती करताना माझं पेन अडलं.
सकाळ आणि शोक,
दोन्ही मॉर्निंग, कानाला अगदी एक.
लिहिताना तेवढा शोकात एक यू जास्त.
यू म्हणजे तू.
यादीत हे कुठेच नव्हतं.
मी खडू उचलला, भिंतीपर्यंत गेले,
आणि तारीख टाकून परत आले.

मंगळवारी दगड चढला.
आर, ई, एस, टी. दुपारपर्यंत इनसुद्धा.
मग पी. मग आय. मग ई.
मॅग्नसने वाकून फुंकर मारली, पूड माझ्या बाहीवर आली.
बघ, म्हणाला, पाय झाला.
हातमोजे काढले, किटली लावली.
सी आणि दुसरा ई
जेवणानंतर.